दोन आखूड, एक लांब

त्या महिन्यात आमच्या घरात दोन गोष्टींची बघाबघी चालू होती. आई माझ्यासाठी नवरा बघत होती आणि मी बोर्ड बघत होते. आईचं अजून जमलेलं नाही. माझं जमलं, आणि ते सांगायला मला आजही इतका चेव येतो की शहापूरच्या दुकानात गिऱ्हाइकाचा मोबाइल उघडा टाकून मी ही गोष्ट निदान दहा वेळा सांगितली आहे.

बोर्ड म्हणजे बोटाएवढी पट्टी. तिच्यात एक छोटा मेंदू असतो, आणि तार न जोडता दूरच्या दुसऱ्या पट्टीशी बोलायची सोय. मोबाइल दुरुस्ती हे माझं पोट आणि असलं काहीबाही जोडत बसणं हा माझा नाद. आजवर मी अंधार पडला की आपोआप लागणारा दिवा केला, कोंबड्यांच्या खुराड्याचं दार केलं. ते दार कोंबड्या बाहेर असतानाच बंद व्हायचं, तो भाग सोडा. पण कुणाच्या खऱ्या गरजेचं असं काही मी केलं नव्हतं.

गरज होती आईला. किन्हवलीजवळ आमची जमीन दोन तुकड्यांत आहे. एक खाली ओढ्याला लागून, दुसरा टेकाडाच्या पलीकडे वर. भात निघालं की वरच्या तुकड्यात आई भेंडी लावते. पाण्याच्या दिवशी बाबा खाली मोटारीपाशी आणि आई वर सऱ्यांत पाणी फिरवत. मधे टेकाड आणि बांबूचं बेट, एकमेकांना दिसायचा प्रश्नच नाही. शेवटची सरी भरली की आई हाक मारायची, बाबा मोटार बंद करून ओ द्यायचे.

हाकही नावानं नाही. आईच्या वयाच्या बायका आमच्याकडे नवऱ्याचं नाव घेत नाहीत, म्हणून प्रत्येकीची आपली एक हाक असते. शेजारच्या काकींची एकच, पण शेवटाला वर चढणारी. आईची म्हणजे ओ, ओ, ओऽऽऽ. दोन आखूड, एक लांब. शिवारात चार बायका एकदम ओरडल्या तरी ज्याचा तो बाप्या बरोबर मान वर करतो. त्यात चूक झालेली मी कधी पाहिली नाही.

पावसाळ्यात आईच्या गळ्यातल्या गाठीचं ऑपरेशन झालं. आई बरी झाली, पण आवाज बसला तो बसलाच. समोर बसलं तर ऐकू येतं, अंगणापलीकडे जात नाही. आई खाली मोटारीपाशी आणि बाबा वर, अशा जागा बदलून पाहिल्या. पण मोटारीचा फुटव्हॉल गळका, बादल्या ओतल्याशिवाय ती पाणी धरत नाही, आणि आईला जड उचलायची बंदी. वर बाबांनी सऱ्यांचं जे काही केलं ते आईला बघवेना. शेवटी दिवाळीनंतर बाबा म्हणाले, "या साली वरचा तुकडा पडीक ऱ्हाऊ दे. तू घरी बस." त्या दिवशी आईनं भाकऱ्या करपवल्या. आईची भाकरी करपलेली मी जन्मात पाहिली नव्हती, आणि माझं डोकं फिरलं.

"काय पडीक नाय," मी म्हटलं. "आई वर बटन दाबील, खाली भोंगा वाजेल. मी करून देते."

बाबांनी माझ्याकडे खुराड्याच्या दाराकडे बघावं तसं बघितलं. "बरं. पेरायच्या आधी एक ओल देऊ. पानी भायेर गेलं, तर इषय संपला."

मग मी बोर्ड बघायला लागले. दुकानात, एसटीत, जेवताना, डावा हात ताटात आणि उजवा मोबाइलवर, मग ओरडा खाऊन उलट. पहिला सिमकार्डवाला. तो दणकट, पण ओढ्याच्या घळीत मोबाइलला एक काडी रेंज येत नाही, म्हणून तर ही सगळी उठाठेव. तो बाद. दुसरा वायफायचा. स्वस्त, चपळ, नाजूक, जगातले सगळे नादिष्ट त्याच्यावर फिदा. मीही. तिसरा लांब पल्ल्याच्या रेडिओचा, लोरा म्हणतात त्याला. शेपटीसारखी अँटेना, दिसायला अगदीच यथातथा, आणि एका वेळी चारच शब्द बोलणार.

आई बाजूला बसून वाल सोलत होती. सगळं ऐकून तिनं हळूच विचारलं, "चिखलाचा हात लागला तर चालल का त्याला?" इंटरनेटवर हजार लोक या बोर्डांवर भांडत होते, हा प्रश्न एकानंही विचारला नव्हता.

"तो कुठलाच चालणार नाय. डब्यात घालू."

"मंग ज्याचं लांब ऐकू जातं तो घे. बोलायचंय किती? बंद करा, एवढंच ना?"

मी ऐकलं का? नाही. मी वायफायच्या प्रेमात होते. मागवायच्या आधी मी दुकानातून बाबांना फोन करून अंतर विचारलं. बाबा म्हणाले, "असंल हाकंच्या टप्प्यात." मी दारात उभी राहून समोरच्या चहावाल्याला हाक मारली, त्यानं हात केला, मी ते अंतर पावलांनी मोजलं, दुप्पट धरलं आणि दोन बोर्ड मागवून मोकळी झाले. महामार्गाच्या गोंगाटातली माझी हाक आणि शिवारातली आईची हाक! इथंच वाढलेल्या मला हे कळू नये?

बोर्ड आले, मी नाचले, आणि बांबूच्या बेटापाशी त्यांनी मान टाकली. अर्धी वाटसुद्धा नाही. बेटापलीकडे एक अक्षर जाईना. बाबा म्हणाले, "हिची हाक तर पार ओढ्यापलीकडं जायची." आणि पटकन ओढ्याकडे वळले, कारण आई तिथंच उभी होती.

तेव्हा आला तिसरा, यथातथा. बोर्डावर छोटा पडदा होता. मी ओढ्यावरून दर क्षणाला एक आकडा पाठवणार, तो आईच्या पडद्यावर उमटणार. मी आईला समजावलं, "चालत ऱ्हा. आकडा थांबला की मला हाक मार."

बोलले आणि जीभ चावली. आईनं माझ्याकडे पाहिलं आणि ती हसायला लागली. आवाज न करता, पोट धरून. मग मीही हसले, आणि हसता हसता माझे डोळे भरले. शेवटी ठरलं की तिनं टेकाडावर येऊन पदर हलवायचा. ती पदर हलवायला आलीच नाही. आकडा थांबलाच नव्हता! बेट, टेकाड, वरचा तुकडा, सगळं ओलांडून ती काकींच्या घरापर्यंत आकडे वाचत गेली आणि तिथं चहाला बसली. मी ओढ्यावर एकटी उड्या मारत होते. एक बगळा घाबरून उडाला.

पुढचं काम हातचं होतं. लोणच्याच्या डब्यात बोर्ड, झाकणावर दाराच्या घंटीचं मोठं बटन. खाली मोटारीपाशी दुसरा बोर्ड आणि बाबांच्या भंगारातल्या मोटारसायकलचा हॉर्न. बटन दाबलं की हॉर्न बरोबर तीन सेकंद वाजायचा. मला माझाच इतका अभिमान वाटला की मी त्याला हळदकुंकू लावलं.

ओल द्यायच्या दिवशी मी आईबरोबर वर. पाणी शेवटच्या सरीला लागलं, आईनं बटन दाबलं. खाली हॉर्न वाजला, लांबलचक. मोटार चालूच. आईनं पुन्हा दाबलं. हॉर्न. मोटार चालूच. सरी भरली, बांधावरून पाणी काकींच्या वालात उतरलं. आई चिखलात उभी राहून बटन दाबत होती, आणि मी ठेचकाळत खाली धावले.

बाबा मोटारीपाशी नव्हतेच. ते पाय मोकळे करायला वर पायवाटेवर गेले होते आणि तिथून लांबवर बघत होते. "कुनाची तरी गाडी आलीय गो, मघापासून हॉर्न मारतोय. दिसत नाय कुठं."

मी असं काही ओरडले की शेजारच्या शिवारातल्या दोघांनी मान वर केली. मोटार बंद करून आम्ही वर आलो. बाबा पाण्याकडे बघत म्हणाले, "ऱ्हाऊ दे आता." आईनं डबा माझ्या हातात दिला आणि घोगऱ्या आवाजात सांगितलं, "मी माझीच हाक मारत व्हती. ह्यो आपलंच काय तरी बोंबलतो."

मी तिच्या अंगठ्याकडे पाहिलं. खरंच. ती दोनदा टिचकी मारून मग दाबून धरत होती. दर वेळी. आणि माझा शहाणा हॉर्न त्या सगळ्याचे तीन सेकंद करून टाकत होता.

"अजून एकदा," मी म्हटलं. "बाबा, पाया पडते, एकदाच. शेवटची सरी परत भरू."

बाबा खाली गेले. मी बांधावर बसून वरच्या डब्याला लॅपटॉप लावला, मग पळत जाऊन खालच्यालाही. तीन सेकंद काढून टाकले. बोट टेकलं की हॉर्न सुरू, बोट उचललं की बंद. एवढंच. धापा टाकत परत वर आले तेव्हा पाणी सरीच्या तोंडाशी होतं.

आईनं हात पदराला पुसले. टिच. टिच. आणि दाबून धरलं.

टेकाडापलीकडून आलं. आखूड. आखूड. लांब. भसाडं, मोटारसायकलचं, पण आईचं. लांबवाला अजून वाजत होता तोच मोटारीची घरघर थांबली आणि बाबांचा आवाज आला, "आलो गोऽऽऽ!"

चार महिन्यांत बाबांनी ही ओ दिली नव्हती. मी आईला मिठी मारली, आम्ही दोघी चिखलात घसरलो, आणि पडल्या पडल्या आईनं पुन्हा बटन दाबलं.

"आता काय?" खालून.

"काय नाय," आई माझ्या कानाशी म्हणाली, जणू मी ते पुढं कळवणार होते. "असंच." आणि तिसऱ्यांदा दाबलं. बाबांनी तिसऱ्यांदाही ओ दिली.

थोड्या वेळानं ते टेकाडावरून आले. काखेत भेंडीच्या बियाण्याची पिशवी होती. सकाळीच त्यांनी ती मोटारीच्या खोपटात आणून ठेवली होती, आम्हाला न सांगता.

आईनं पिशवी हिसकावून घेतली. "वाफसा आल्याबिगर, असल्या चिखलात बी कोन टाकतो?" ती म्हणाली, आणि ती पिशवी घरी पोचेपर्यंत तिनं कुणाच्या हातात दिली नाही.