टेपचा पहिला इंच

माझं अक्षर वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. चौथीनंतर पेन हातात धरला तो बचत गटाच्या वहीत सही करण्यापुरता. हे कुणी वाचावं म्हणून लिहीत नाही. तरी चुकून कुणाच्या हाती पडलं, तर अक्षराबद्दल माफ करावं. बाकीची माफी जिच्याकडे मागायची होती, तिच्याकडे मी मागितली नाही.

लोह्याला मोंढ्याच्या बाजारामागे पत्र्याच्या खोलीत आम्ही सात बायका शिवणकाम करायचो. लातूरच्या एका व्यापाऱ्यानं गटाला क्लासच्या मुलांचे दोनशे चाळीस शर्ट शिवायला दिले. एवढं मोठं काम पहिलंच. तोवर जिनं शर्ट हातात घेतला, तीच तो बटणापर्यंत पुरा करायची. असं केलं तर महिना लागेल, म्हणून व्यापाऱ्यानं आम्हाला शिकवायला एक सर पाठवले. वयानं लहान, पण सगळ्यांना ताई म्हणायचे.

सरांनी दोन दिवस नुसतं पाहिलं. कोण किती वेळा उठते, कात्री किती वेळा हरवते, कापड या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात किती हिंडतं, ते लिहून घेतलं. मग म्हणाले, "ताई, तुमचा निम्मा दिवस शोधण्यात जातोय." ते खरंच होतं. नको त्या वस्तू पोत्यात भरल्या. भिंतीवर खिळे ठोकले आणि प्रत्येक खिळ्याभोवती खडूनं त्या वस्तूचा आकार काढला, म्हणजे जागा रिकामी असली की लगेच कळावं. मशीनं एका ओळीत लावली. भाभीनं कापायचं, दुसरीनं कॉलर, तिसरीनं बाह्या, असं करत शेवटी मी काज-बटण. प्रत्येकीजवळ एक लाल फडकं टांगलं. सर म्हणाले, "जिला चूक दिसेल तिनं फडकं वर करायचं. सगळ्यांनी हात थांबवायचे. कुणी रागावणार नाही. चूक जितकी लवकर सापडेल तितकी स्वस्त."

भाभी आमच्यात सगळ्यात वडील. तिच्या घरात तीन पिढ्यांचं टेलरिंग. कापड पसरलं की डोळ्यांनीच माप सांगायची. मला ती बेटा म्हणायची.

मग टेपची पाळी आली. चार टेप निघाले. सर म्हणाले, "एकच ठेवा, ज्याचे आकडे नीट दिसतात तो." तीन टेप विरलेले होते, माझा नवा दिसत होता. तो खिळ्यावर गेला, बाकीचे पोत्यात.

माझा टेप पूर्ण नव्हता. त्याचं टोक इस्त्रीखाली जळालं होतं. जळालेला पहिला इंच मी कापून टाकला आणि पत्र्याची टोपी नव्या टोकाला पकडीनं दाबून बसवली. वीस इंच हवे असले की मी एकवीसवर खूण करायची. वर्षानुवर्षं असंच. बोटांना सवय झाली होती, डोक्यात विचारही यायचा नाही. पण त्या वेळी आला. मी काहीतरी बोलणार असं सरांना दिसलं असावं.

"काही म्हणायचंय का ताई?"

सहाही जणींनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी नाही म्हणून मान हलवली. नंतर भाभीला एकटीला सांगू, असं ठरवलं. तोवर भाभीनं त्या टेपनं पुठ्ठ्याचे साचे आखले होते आणि कात्री चालू झाली होती. मग वाटलं, तिच्यासारखीला दिसलंच असेल.

दुसऱ्या दिवशी कॉलरवालीची सुई तुटली, तिनं फडकं वर केलं. गटाच्या अध्यक्षबाई हसल्या. "आली बघा स्टेशन मास्तरीण, गाडी थांबवून राहिली." सगळ्या हसल्या. त्यानंतर कुणी फडकं वर केलं नाही.

चौथ्या दिवशी एका शर्टाचं वरचं बटण लावून पाहिलं. गळा आवळत होता. बाही आखूड. मला कळलं. पूर्ण कळलं. माझ्यापुढे शंभरच्या वर शर्ट घडी होऊन पडले होते. फडकं माझ्या उजव्या हाताशी होतं. मी त्याला हात लावला, कापड बोटांत धरलं, आणि सोडून दिलं. पुढचा शर्ट घेतला. अध्यक्षबाई प्रत्येक दहावा शर्ट मोजून बघायच्या आणि बरोबर म्हणायच्या. त्या मोजायच्या त्याच टेपनं.

आठवड्यानं लातूरहून सगळे गठ्ठे परत आले. प्रत्येक मापात इंच कमी.

सरांनी सगळ्यांना सतरंजीवर बसवलं आणि फळा मांडला. म्हणाले, "माणूस शोधायचा नाही, कारण शोधायचं. पाच वेळा का विचारायचं." शर्ट लहान का झाले? कापलेलं लहान होतं. लहान का कापलं? साचे लहान होते. साचे लहान का झाले?

भाभी म्हणाली, "मी आखले. माझ्याकडूनच झालं असंल."

"आखताना कमी का आलं?" सरांनी विचारलं.

"काय का-का लावलंय सर, कावळ्यावानी," अध्यक्षबाई म्हणाल्या. "कापणारी कबूल हाय न्हाई का?"

तेवढ्यात व्यापाऱ्याचा फोन आला. सर बाहेर गेले आणि बराच वेळ बोलत राहिले. परत आले ते पडलेल्या चेहऱ्यानं. फळ्यावर तीन का लिहिलेले होते. चौथ्याचं उत्तर शोधलं असतं तरी ते टेपवर आलं असतं, आणि पाचव्याचं माझ्यावर. त्यांनी फळा पुसला. आम्ही जेवायला उठलो.

भाभी मात्र बसून राहिली. हात डोळ्यांसमोर धरून बघत होती. मला म्हणाली, "टेप झूट नहीं बोलता, बेटा. माझी नजर गेली."

शर्ट लहान मापाचे म्हणून पडत्या भावात विकले गेले. तोट्याचे अठरा हजार व्यापाऱ्यानं गटावर टाकले. निम्मे गटानं भरले, निम्मे भाभीवर आले. तिनं हुज्जत घातली नाही. नांदेडला जाऊन डोळे तपासून आली. डॉक्टरांनी जवळचा चष्मा दिला, त्या वयात सगळ्यांनाच लागतो तसा. तिला तो पुरावा वाटला. तिनं कात्री ठेवली आणि जळकोटला लेकीकडे राहायला गेली. तिथं गोधड्या शिवते. गोधडीला माप लागत नाही, म्हणाली.

ती गेली त्या आठवड्यात मी बाजारातून नवा टेप आणला आणि कुणी आलं नव्हतं तेव्हा खिळ्यावर टांगला. जुना चुलीत घातला. पुढचं काम अचूक झालं. फळ्यावर चुकांच्या घरात सरांनी शून्य लिहिलं, बायकांनी टाळ्या वाजवल्या. अध्यक्षबाई म्हणाल्या, "बघा, भाभी गेली आन् काम सुधारलं." मीही टाळ्या वाजवल्या.

भाभी महिन्याला पाचशे आणून द्यायची. स्वतः यायची, एसटीनं. एकदा मी स्टँडवर तिच्या मागे गेले आणि माझे पाचशे तिच्या हातात ठेवले. तिनं परत माझ्या मुठीत कोंबले.

"तू कायको देती? तेरी क्या गलती?"

बस फलाटाला लागली होती. ती चढेपर्यंत वेळ होता. खिडकीत बसली, तरी वेळ होता. मी पिशवी वर दिली आणि "जपून जा" म्हणाले.

मी घरी कितीदा तरी वाक्य तयार केलं. लहान वाक्य आहे. टेप माझा होता, एक इंच कमी होता. चौथी शिकलेल्या बाईलाही येईल एवढंच. पण जितके दिवस जात गेले तितकं त्याच्यामागे आणखी सांगायचं साचत गेलं: तेव्हा का नाही बोललीस, फडकं का नाही उचललंस, टेप का जाळलास, ती पाचशे मोजून देत होती तेव्हा तू समोर बसून काय करत होतीस. सर म्हणायचे, चूक पुढच्या मशीनवर गेली की महाग होते. ही माझ्या मशीनवरून कधी पुढे गेलीच नाही, तरी महाग होत राहिली.

दीड वर्षानं भाभी शेवटचे पाचशे घेऊन आली. रुमालातून काढले, सुरकुत्या सरळ केल्या. अध्यक्षबाईंनी मोजले, वहीत लिहिलं आणि चहा मागवला. "फिटलं बघ भाभी. सुटलीस."

भाभीनं वही जवळ ओढली, लांब धरली, पुन्हा जवळ आणली. मग माझ्याकडे सरकवली.

"चष्मा रह गया. तू वाच बेटा, काय लिहिलंय."

मी वही घेतली. त्या खोलीत इतक्या मोठ्यानं मी कधी बोलले नव्हते. तिच्या नावावर बोट ठेवून मी वाचलं, "नऊ हजार. पूर्ण फेड. बाकी काही नाही."