साळव्यांच्या घराचा नकाशा

दौलतराव साळवे कॉम्प्युटरवर नवीन काही टाकले की आधी इंटरनेटची वायर उपटायचे. मग खुर्चीत रेलून म्हणायचे, "आता चाल बघू, बेट्या." बेटा म्हणजे ते सॉफ्टवेअर. अंबरनाथच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून उभी हयात रेघा मारून हा माणूस बदलापूरला, कुळगावात, माझ्या समोरच्या दारात राहायला आला होता. पत्नी वारलेली, मुलगी परदेशात.

संध्याकाळी मुलीशी बोलताना तिचे चित्र अडकू लागले. कोणीतरी आपले वायफाय वापरते आहे, असा त्यांना संशय आला.

"पासवर्ड बदला की," मी म्हणालो.

"म्हणजे चोर सुटला, आणि मी जन्मभर प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत बसायचं? नाही वैद्य. राउटरला काय काय जोडलंय त्याचा नकाशा काढू. आपलं सगळं मांडून झालं की जे उरेल ते परकं."

कारखान्याच्या गेटवर त्यांचे आडनाव वाचले की पहारेकरी त्यांची पिशवी उघडून बघत; रांगेतल्या मागच्याची तशीच आत जाई. ते नेहमी म्हणत, "संशय माणसावर घ्यायचा नाही, वायरवर घ्यायचा."

चोर मी होतो. ते मुलीकडे गेले असताना किल्ली माझ्याकडे होती. झाडांना पाणी घालता घालता राउटरखालचा पासवर्ड मी उतरवून घेतला. तेव्हापासून माझा टीव्ही त्यांच्या वायफायवर चाले. पहिल्या दिवशी सांगितले नाही. पुढे जीभ रेटली नाही.

हात थरथरू लागल्यामुळे साळव्यांना नकाशा कॉम्प्युटरवरच काढायचा होता, आणि तोही फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये. उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये त्यांचा एक ओळखीचा सिंधी दुकानदार होता. त्याने पेन ड्राइव्ह पुढे केला. "साईं, महँगावाला सॉफ्टवेअर है, लॉक तोड़ के रखा है. आपके लिए फ्री."

"चोरीचं नको शेठ, फुकटचं पाहिजे."

"अरे साईं, दोनों में फर्क क्या है?"

साळवे मोठ्याने हसले. मी दुकानातल्या वायरी बघत राहिलो.

मग रोज एकेक सॉफ्टवेअर तपासणे सुरू झाले. एकाने आधी ईमेल मागितला. "पेन्सिलीने कधी माझा पत्ता विचारला नव्हता," म्हणून साळव्यांनी ते काढून टाकले. दुसऱ्यात थोडे चौकोन काढले की पैसे मागणारी पाटी येई. तिसरे सुंदर होते, पण वायर काढताच आंधळे झाले. "घराचा नकाशा दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर ठेवायचा? फुकट चहा पाजणारा आधी घर बघून घेतो, वैद्य." काम लांबावे म्हणून मीही प्रत्येकात खोट काढायचो. ते खूश होत. "तुम्ही तर माझ्याहून संशयी निघालात!"

शेवटी एक ओबडधोबड सॉफ्टवेअर टिकले. वायर नसताना चाले, काही विचारत नसे. साळव्यांनी राउटर मधोमध मांडला, त्यापासून फोन, कॉम्प्युटर, प्रिंटर अशा रेघा ओढल्या. राउटरच्या यादीतले एक यंत्र उरले. नाव नाही, नुसते आकडे.

स्वयंपाकघरात मंदा पोळ्या करत होती. वांगणीपलीकडच्या पाड्यावरून ती येई, आमच्या दोन्ही घरी काम करी. मी हळूच म्हणालो, "मंदाने नवीन फोन घेतलाय ना?"

साळव्यांनी तिला बोलावून विचारले, "मंदा, तुझा फोन इथलं वायफाय धरतो का गं?"

"नाय साहेब. बघा तुम्हीच." तिने पिठाच्या हाताने फोन टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे पाहिले.

साळव्यांनी तो तसाच तिच्याकडे सरकवला. "राहू दे. कुणाची पिशवी मी उघडणार नाही."

उघडली असती, फोन बघितला असता, तर मंदा तिथेच आरोपातून सुटली असती.

त्या संध्याकाळी मी घाबरून माझा टीव्ही वायफायवरून काढला. दुसऱ्या दिवशी मंदा आली नाही. झाला प्रकार तिला लागला होता. आणि यादीतले ते यंत्रही दिसेनासे झाले. साळवे पडद्याकडे बघत म्हणाले, "वायर खोटं बोलत नाही हो." मुलगी गेल्यासारखा चेहरा झाला होता त्यांचा. बिल्डिंगमध्ये बोभाटा झाला, मंदाची बाकीची कामे सुटली. मीही तिला येऊ नको म्हणून निरोप पाठवला.

गेल्या हिवाळ्यात साळवे हृदयविकाराने गेले. शेवटपर्यंत माझ्याकडेच चहाला येत होते. ते गेल्यावर मी पाड्यावर गेलो आणि मंदाला सगळे सांगितले.

ती अंगणात भात वाळवत होती. हात न थांबवता म्हणाली, "मला ठावं होतं, काका. तुमच्या टीव्हीवर नेटचं पिच्चर चालायचं, आणि घरात साहेबांकडं होता तसा तो लायटीचा डबा नव्हता. फडकं मीच मारायची ना."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"तुम्ही बसला होता की समोर. वाटलं, आता सांगतील." तिने भात पालथा केला. "तुम्ही साहेबांना सांगायचं होतं. ते तर गेले. आता मला सांगून काय? त्या बिल्डिंगीत सांगा. तिथं मला चोर म्हणतात."

म्हणून हे लिहिले. एक प्रत साळव्यांच्या मुलीला पाठवली आहे. दुसरी, खाली माझी सही करून, जिन्याखालच्या फलकावर लावली आहे. येता-जाता लोक थांबून वाचतात. मी दार उघडे ठेवून बसतो.