बेस गिटार, स्वस्तातली

माझ्या वडिलांना खरेदी जमत नव्हती असं कोणी म्हणू नये. पनवेलच्या बाजारात ते येताना दिसले की मडकी विकणाऱ्या बायका एकमेकींकडे बघायच्या. प्रत्येक मडक्याला टिचकी मारायची, उन्हाकडे धरून आत डोकावायचं, नाक मुरडायचं, निघून जायचा आव आणायचा आणि चार पावलांवरून परत यायचं, ही त्यांची रीत. कोयता असो नाहीतर छत्री, बाबांना कोणी फसवलं असं आमच्या घरात कधी घडलं नाही. गिटारच्या वेळीही त्यांना कोणी फसवलं नव्हतं. हेच मला अजून सहन होत नाही.

आमचं घर खाडीकडच्या अंगाला होतं आणि बाबांचा सगळा जन्म मिठागरावर गेला. आई लवकर गेली. मी थोरली, शिवणाचं मशीन चालवायचे. माझ्या पाठचा भाऊ शाळेत हुशार वगैरे नव्हता, पण एका गॅदरिंगला त्याने कोणाचं तरी मेंडोलिन हातात घेतलं आणि पुढे ते त्याच्या हातातून सुटलंच नाही. सत्तर साल अजून उजाडायचं होतं. पनवेलमध्ये एक ऑर्केस्ट्रा होता, लग्नाला, सत्यनारायणाला, गणपतीत वाजवणारा. तो चालवणाऱ्या गृहस्थांना सगळे मास्तर म्हणत. मास्तरांनी भावाला घेतलं, आणि स्टेजवर कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून उभा राहिलेला तो मला इतका देखणा दिसायचा की बायका त्याच्याकडे बघायला लागल्या की माझाच जीव खालीवर व्हायचा.

मग त्याला क्षय झाला. बरा झाला, हे आधी सांगून टाकते, कारण त्या दिवसांत या आजारातून उठणं ही काही छोटी गोष्ट नव्हती. पण रोज टोचलेल्या सुयांनी छाती वाचवली आणि कान घेतले. एकदम नाही. इस्पितळातून घरी आल्यावर पहिल्यांदा तो म्हणाला, "ताई, आपल्याकडच्या चिमण्या कुठे गेल्या?" चिमण्या वळचणीला बसून गोंगाट करत होत्या. मी काहीतरी कारण काढून मागच्या दारी गेले आणि पोटभर रडले.

बारीक आवाज आधी गेले. सायकलची घंटी, माझ्या बांगड्या, कुकरची शिट्टी. मेंडोलिन हातात घेतलं तेव्हा जाड तारांचं थोडंसं ऐकू आलं, बारीक तारांवर त्याची बोटं नुसतीच फिरत राहिली. मात्र येष्टीचं इंजिन, ढोलकीचा घुमा आणि बाबांचा खर्जातला आवाज त्याला स्वच्छ ऐकू येई. डॉक्टर म्हणाले होते की हेही हळूहळू जाईल, पण केव्हा ते सांगता येत नाही. वर्ष लागेल, नाहीतर पाच.

तो खचून बसेल असं मला वाटलं होतं, पण तो मास्तरांकडे गेला. मास्तर भला माणूस. त्यांनी सांगितलं, मुंबईच्या ऑर्केस्ट्रात आता बेस गिटार आली आहे, विजेवर चालते, खालचे सूर देते, आपल्याकडे नाही. तू स्वतःची घेऊन आलास तर गणपतीपासून ती जागा तुझी. भाऊ घरी आला तो नाचतच. "ताई, खालचे सूर! मला ऐकू येतात तेवढेच सूर त्या वाद्यात आहेत. ते माझ्यासाठीच केलंय गं कोणीतरी!" इतक्या दिवसांनी तो एवढा मोठ्याने हसला की शेजारीण कुंपणापाशी आली.

डॉक्टरांनी प्रवास मना केला होता, तेव्हा मुंबईला बाबाच जाणार हे ठरलेलं होतं. भावाने त्यांना समोर बसवून सांगितलं, "बाबा, जुन्या वाद्यांच्या दुकानात जायचं. बेस गिटार मागायची. स्वस्तातली चालेल, रंग उडालेली चालेल, पण बेसच पाहिजे." बाबांनी मान डोलावली. "बेसच आनतो." मी म्हटलं चिठ्ठी लिहून देते, दुकानदाराला दाखवा. बाबा भडकले. "मी काय पोर हाय? चिठी नको न काय नको. जन्मभर बाजार केलाय."

चूक कुठे झाली ते आता कोणालाही कळेल. आमच्या बाबांच्या बोलीत बेस म्हणजे चांगलं. भाजी बेस झाली, पाऊस बेस पडला, जावई बेस मिळाला. आम्ही दोघं शाळेमुळे शहरासारखं बोलायला लागलो होतो, तरी घरात दिवसातून दहादा आमच्याही तोंडी तो शब्द असायचा. तो मास्तरांच्या तोंडून नव्या अर्थाने घरात आला, आणि तसाच ऐकू येणारा जुना शब्द घरात आधीपासून बसलेला आहे, हे आम्हा तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

दुकानात काय झालं ते मी बाबांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की मी तिथे होते असंच मला वाटतं. पाहुणा आला, चहा झाला की बाबा सुरू. "मी बोललो, बेस गिटार दे, सस्तातली. त्यानं चार तारांची काडली. लांबलचक मान, रंग गेलेला. मी बोललो, चारच? तो बोलतो, बेसला चारच असतात. मी बोललो, आमी गाववाले दिसलो म्हनून चार तारांची गल्यात मारतोस? बाजूला ही लाल टांगलेली. सा तारा! किंमत तेवडीच. लाकडाला टिचकी मारली, कीड नाय. मी बोललो, ही दे. तर तो काय बोलतो, चाचा, ही बेस नाय." इथे बाबा थांबायचे आणि पाहुण्याच्या मांडीवर थाप मारायचे. "आपलाच माल बेस नाय बोलनारा दुकानदार जन्मात बगितलाय कदी? तवाच मी वलखला. हीच बेस हाय, म्हनून याला इकायची नाय!"

पाहुणे हसायचे. भाऊही हसायचा. मी स्वयंपाकघरात भांडी आपटायचे.

त्या दिवशी बाबा दिवेलागणीच्या आधी आले. गिटार धोतराच्या पानात गुंडाळून, लेकराला उचलून आणावं तशी उराशी धरून आणली होती. भावाने कापड सोडलं. लाल झगझगीत गिटार, सहा तारा.  मला त्या वाद्यांतलं काही कळत नव्हतं, पण त्याचा चेहरा कळत होता. त्याने तारांवरून बोट फिरवलं. वरच्या तारा त्याला ऐकू आल्या नाहीत, हे मला दिसलं. बाबा गुडघ्यांवर हात ठेवून वाकून उभे होते. आजारपणाच्या त्या सगळ्या काळात त्यांच्या तोंडावर हसू मी पाहिलं नव्हतं, ते आता कानापर्यंत पसरलं होतं. "बेस हाय ना?"

भाऊ म्हणाला, "बेस हाय, बाबा."

मागच्या दारी त्याने मला सगळं समजावलं, बेसला चारच जाड तारा असतात, ही साधी गिटार, आणि वर बजावलं, "यातलं एक अक्षर बाबांना सांगायचं नाही. कधीच नाही." मी चिडले. म्हटलं, मी उद्या जाते मुंबईला आणि बदलून आणते, त्यात लाज कसली? तो म्हणाला, "लाज नाही गं. ते मिठागरावर सगळ्यांना सांगत फिरणार आहेत. फिरू दे त्यांना." माझा भाऊ असा होता. त्याचा मला तेव्हा संताप आला आणि आजही येतो, आणि त्याच्याइतकं माझं दुसऱ्या कोणावर प्रेमही नव्हतं.

त्याने खटपट केली. दोन बारीक तारा काढून टाकल्या, उरलेल्या सैल करून खाली उतरवल्या. मास्तरांकडे लाउडस्पीकरला जोडून वाजवली. डब्यात गांधीलमाशी अडकावी तसा आवाज आला म्हणे. हे त्यानेच मला हसत हसत सांगितलं. मास्तरांनी स्वतः तारा पुन्हा जुळवून बघितल्या, पण गणपती तोंडावर आले होते. आपटा गावाकडचा एक मुलगा स्वतःची बेस घेऊन आला आणि ती जागा त्याला मिळाली. दुसऱ्या बेससाठी पैसे उभे करणं आमच्या आवाक्यात नव्हतं. बाबांना भावाने सांगितलं की छातीला जागरण झेपत नाही, म्हणून मीच सोडलं. बाबा हळहळले. "एवडी बेस गिटार घरात पडली."

ती पडून मात्र राहिली नाही. तो ओटीवर बसून वाजवायचा. पुढे येष्टी ऐकू येईनाशी झाली, मग ढोलकी, आणि शेवटी, एका सकाळी, बाबांचा आवाज. तेव्हा त्याने गिटारच्या लाकडावर हनुवटी टेकवून वाजवायला सुरुवात केली. म्हणायचा, दातांत थोडं जाणवतं. मला राहून राहून वाटायचं, आणि हे मी कोणापाशी बोलले नाही, की ती जाड तारांची, रंग उडालेली, लांब मानेची गिटार घरात असती तर त्याच्या सगळ्या छातीत ती घुमली असती. कान वाचले नसते, ते मला कळतं. पण स्टेजवरची दोन-तीन वर्षं त्याला मिळाली असती, आणि नंतरही काहीतरी उरलं असतं.

एव्हाना आम्ही त्याच्याशी पाटीवर लिहून बोलायचो. म्हणजे मी लिहायचे. बाबांना लिहिता येत नव्हतं, त्यांना काही सांगायचं असलं की ते मला हाक मारायचे.

त्या उन्हाळ्यात विचुंब्याला नात्यातलं लग्न होतं. भाऊ आला नाही, गर्दीत तोंडाकडे बघत बसायचा त्याला कंटाळा यायचा. बाबा आणि मी गेलो. दुपारची जेवणं चालू होती आणि मांडवात मास्तरांचा ऑर्केस्ट्रा वाजत होता. आम्ही जवळच बसलो होतो. बाबांनी घास हातात धरला आणि छातीवर पंजा ठेवला. मला वाटलं त्यांना कळ आली. ते म्हणाले, "ह्यो कनचा बाजा? आत वाजतोय बग." मी पानातला भात कालवायला लागले. मला माहीत होतं तो कोणता बाजा ते.

गाणं संपल्यावर ते उठून थेट स्टेजपाशी गेले. मी मागे धावले. आपट्याच्या त्या मुलाला ते म्हणाले, "ह्ये काय रं पोरा, तुज्या हातात?"

"बेस हाय, काका."

"बेस हाय ता मनाबी दिसतंय. पन हाय काय ह्ये?"

मुलगा हसला. "नावच बेस हाय, काका. बेस गिटार. चार तारांची असते."

बाबांनी तारा मोजल्या. बोट लावून, एकेक. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली, आणि तेवढ्याने त्यांना पुढचं सगळं कळलं. दुकानदार काय म्हणत होता ते कळलं, ऑर्केस्ट्रा का सुटला ते कळलं, आणि इतकी वर्षं पाहुण्यांसमोर ती गोष्ट सांगताना त्यांचा मुलगा शेजारी बसून कशाला हसत होता, तेही. 

विचुंब्याहून घरापर्यंत आम्ही चालत आलो.  ऊन उतरलं होतं. भाऊ ओटीवर बसून वाजवत होता. तारा पार उतरल्या होत्या, सुराचा पत्ता नव्हता, आणि तो डोळे मिटून हनुवटी टेकवून अगदी मन लावून वाजवत होता. बाबा चपला न काढता त्याच्यासमोर जाऊन बसले. म्हणाले, "पोरा, माजा चुकला रं. मना तुजा शबुद कलला नाय." भावाने डोळे उघडले. बाबांचे ओठ हलताना त्याने पाहिले, त्यातलं काही त्याला उमगलं नाही. गालांवरून ओघळणारं पाणी मात्र दिसलं. तो घाबरला. आताशा त्याला स्वतःच्या आवाजाचा अंदाज उरला नव्हता, त्यामुळे सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात त्याने मला विचारलं, "काय झालं? कोण गेलं?"

मी पाटी घेतली. काय लिहायचं ते माझ्या मनात तयार होतं, किती दिवसांचं तयार होतं. बाबांनी माझं मनगट धरलं.

"नको लिवू."

"बाबा, आता तरी..."

"त्यानं येवडं दिस मना जपला. आता मना कललंय, ह्ये त्याला कललं त त्याचा सगला फुकट जाईल. लिव, लगीन चांगला झाला."

मी लिहिलं. लग्न चांगलं झालं. भावाने वाचलं, बाबांकडे बघितलं, आणि त्याला ते काही पटलं नाही. "मग रडतायत कशाला?"

मी बाबांना विचारलं, आता काय लिहू.  त्यांनी धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं. शेवटी मीच लिहिलं, जेवण फार तिखट होतं.

भाऊ वाचून खो खो हसला. गिटार बाजूला ठेवून उठला आणि बाबांसाठी पाण्याचा तांब्या भरून घेऊन आला. बाबांनी तो दोन्ही हातांनी धरला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं.