न लागलेला करंट

माझं अंग दुखायला लागलं त्याला आता बरीच वर्षं झाली. सुरुवात मानेपासून झाली, मग खांदे, मग कंबर, आणि मग अमुक एक जागा दाखवता येईना. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. खालच्या रॅकमधलं पुस्तक काढायला वाकले की उठताना डोळ्यांत पाणी यायचं. समोर विद्यार्थी उभे असायचे, म्हणून मी तशीच काही वेळ बसून राहायचे, पुस्तक शोधत असल्यासारखी.

डॉक्टर पुष्कळ झाले. हाडांचे झाले, संधिवाताचे झाले, रक्त झालं, एमआरआय झाला. प्रत्येक वेळी रिपोर्ट नॉर्मल यायचा आणि घरी सगळ्यांना आनंद व्हायचा. मला मात्र प्रत्येक नॉर्मल रिपोर्टनंतर खोटं पडल्यासारखं वाटायचं. नवरा वाळूजला एका कंपनीत सुपरवायझर आहे, मशीन बिघडलं की बिघाड कुठं आहे ते शोधणारा माणूस. तो वाईट बोलायचा नाही. पण रिपोर्ट पुन्हा पाकिटात घालताना म्हणायचा, "तू मनाला लई लावून घेतेस." शेवटी एका डॉक्टरांनी या दुखण्याला नाव दिलं. ते नावही असं की त्याच्यापुढं औषध नाही, फक्त चाला, झोपा आणि ताण घेऊ नका.

त्याच सुमारास इथल्या एका हॉस्पिटलच्या फिजिओथेरपी विभागात एका नव्या उपचाराचा अभ्यास चालू असल्याचं कळलं. अंगभर जुनं दुखणं असलेल्या बायका त्यांना हव्या होत्या. डोक्यावर दोन ओले स्पंज ठेवून त्यांतून अगदी थोडा करंट सोडायचा, असा तो उपचार. अभ्यास करणारी डॉक्टर मुलगी माझ्या भाचीएवढी. तिनं मला समजावून सांगितलं की दुखण्याचा निरोप अंगातून येतो, पण तो किती मोठ्यानं ऐकायचा हे मेंदू ठरवतो. काही माणसांत मेंदूला तो सतत मोठ्यानंच ऐकायची सवय लागते. करंटनं ती सवय थोडी मोडता येते का, ते त्यांना बघायचं होतं. नवऱ्यानं आधी सिनेमातले शॉक डोळ्यांसमोर आणले आणि नको म्हणाला. तिनं त्यालाही बोलावून यंत्र दाखवलं. टिफिनच्या डब्याएवढी पेटी, आतमध्ये साधी बॅटरी. त्यानं ती उलटीपालटी करून पाहिली आणि एवढ्यानं काय होणार, असं चेहऱ्यावर आणून मला जायला सांगितलं.

एक गोष्ट तिनं सुरुवातीलाच स्पष्ट सांगितली होती. निम्म्या बायकांना खरा करंट मिळणार होता आणि निम्म्यांना नाही. कोणाला काय, ते तिलाही माहीत नसणार होतं. मी मान डोलावली आणि सही केली. आपण त्या दुसऱ्या निम्म्यांत असू, असं मात्र मला एकदाही वाटलं नाही.

मिठाच्या पाण्यात भिजवलेला एक स्पंज कानाच्या वर, दुसरा कपाळावर, आणि दोन्ही धरून ठेवणारा रबरी पट्टा. पाणी ओघळून कानात जायचं. पेटी चालू झाली की स्पंजखाली मुंग्या यायच्या, खाज सुटायची, आणि थोड्या वेळानं ती जायची. मग नुसतं बसून राहायचं. शेजारच्या खुर्चीत छावणी भागातल्या एक आपा असायच्या. त्या घरी शिवणकाम करायच्या, आणि त्यांचेही खांदे आणि हात रात्रंदिवस दुखायचे. आमची ओळख त्या ओल्या डोक्यांनीच झाली.

रोज सुरुवातीला आणि शेवटी आम्हाला एक आकडा सांगावा लागे. अजिबात दुखत नसेल तर शून्य, कल्पनेतलं सगळ्यात वाईट दुखणं असेल तर दहा. या आकड्यानं माझं डोकं फिरायचं. काल सहा सांगितलं, आज तेवढंच दुखतंय पण कंटाळा जास्त आलाय, तर मग सात सांगायचे का? आपांना एकदा आकडा विचारला तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "बेटा, ईद के कपड़े सिलने के दिन है. दस के आगे कुछ है क्या?" डॉक्टर मुलगी हसली, पण तिला दहाच लिहावे लागले.

दुसऱ्या आठवड्यात माझं दुखणं खरंच कमी झालं. एका सकाळी मी दोन्ही हात मागं नेऊन स्वतःची वेणी घातली आणि ती घालून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की खांदे दुखले नाहीत. ग्रंथालयात पुस्तकांची गाडी एकटीनं ढकलली. रविवारी आम्ही दोघं वेरूळला गेलो, मी देवळाच्या रांगेत उभी राहिले, आणि परत येताना मी नवऱ्याला गाडी कुठंच थांबवायला सांगितली नाही. तो खूश होता. एवढ्याशा डब्यानं काम केलं, असं तो शेजारी सांगत होता.

आपांना काहीच फरक पडत नव्हता. त्यांना फक्त खाज सुटायची. तेव्हा मी त्यांना जे सांगायचे ते आठवलं की मला आता माझाच राग येतो. विश्वास ठेवा, मनात शंका ठेवू नका, असं मी त्यांना सांगायचे. माझा नवरा मला जे म्हणायचा तेच मी वेगळ्या शब्दांत म्हणत होते. आपा ऐकून घ्यायच्या आणि ओढणीनं कानातलं पाणी टिपायच्या.

अभ्यास संपल्यावर काही महिन्यांनी आम्हाला पुन्हा बोलावलं. कोणाला काय मिळालं ते आता उघड झालं होतं आणि ते सांगणं तिचं कर्तव्य आहे, असं डॉक्टर मुलगी म्हणाली. ती माझ्यासमोर बसली आणि तिनं सरळ सांगितलं.

"काकू, तुमच्या पेटीतला करंट सुरुवातीला थोडा वेळ चालू व्हायचा, मग आपोआप बंद व्हायचा. तुम्हाला खरा करंट मिळालेला नाही."

मी तिला म्हणाले की असं होणार नाही, मला मुंग्या येत होत्या. ती म्हणाली, तेवढ्यासाठीच तो सुरुवातीला चालू करतात, म्हणजे कोणाला फरक ओळखता येऊ नये. मग मी विचारलं की माझं दुखणं कमी झालं ते काय होतं. तिनं प्रामाणिकपणे सांगितलं की बरं वाटेल या अपेक्षेनंही मेंदू दुखण्याचा आवाज खाली आणतो, ते नाटक नसतं. मला ते ऐकूही येत नव्हतं. मी त्या खुर्चीत बसून किती भाबडेपणानं रोजचा आकडा कमी कमी सांगत होते, एवढंच डोळ्यांपुढं येत होतं.

आपांना खरा करंट होता. पूर्ण, रोज.

बाहेर टपरीवर आम्ही चहा घेतला. आपांनी कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "मतलब करंट मेरेकू लगा और आराम तुमकू हुआ. ये कैसा हिसाब है ताई?"

त्या चिडल्या होत्या, पण माझ्यावर नाही. मला त्यांची माफी मागायची होती, त्या सगळ्या उपदेशाबद्दल. मी मागितली. त्या म्हणाल्या, "छोडो. घरचे पण तेच बोलतात."

मी घरी नवऱ्याला सांगितलं. सांगायला नको होतं, असं आजही वाटतं. तो जेवत होता. त्यानं नीट ऐकून घेतलं, आणि मग जे म्हणायचं ते इतक्या सहज म्हणाला की त्याला स्वतःलाही कळलं नसावं.

"म्हणजे काही नव्हतंच ना गं तुला."

बिघाड सापडल्यासारखं समाधान त्याच्या चेहऱ्यावर होतं. करंट नव्हता, तरी बरं झालं, म्हणजे दुखणंच नव्हतं. त्याचं गणित सरळ होतं. मी त्याला समजावून पाहिलं की आराम खोटा नव्हता तसं दुखणंही खोटं नव्हतं, दोन्ही एकाच मेंदूतून येतं. सगळं दुखणं तिथंच तयार होतं, अगदी त्याचा दात दुखतो तेव्हाही. तो म्हणाला, दाताचा एक्सरे दिसतो. मी पातेली घासायला घेतली आणि त्या दिवशी इतक्या दिवसांनी खांदा पुन्हा ठणकायला लागला. हे योगायोगानं झालं की ऐकल्यामुळं, ते मी अजून स्वतःलाच विचारते.

ज्यांना करंट मिळाला नव्हता त्यांना नंतर खरा घ्यायची मुभा होती. मी गेले. तेच स्पंज, तेच पाणी, तीच खाज. यावेळी मी सगळं लक्ष स्पंजखाली ठेवून बसायचे. आत्ता चालू आहे का, आता बंद झाला का. करंट पूर्ण वेळ चालू होता, असं डॉक्टर मुलीनं सांगितलं. दुखणं थोडं हललं, कधी हललंच नाही. पहिल्यासारखी ती सकाळ आली नाही. मी तिला विचारलं, खऱ्या करंटनं का होत नाही? तिलाही नीट माहीत नव्हतं. कोणाला गुण येतो, कोणाला नाही, हेच तर अजून शोधतोय, असं ती म्हणाली. तिच्या जागी दुसरं कोणी असतं तर मी भांडले असते. पण एवढ्या वर्षांत मला माहीत नाही असं म्हणणारी ती एकटीच भेटली होती.

आता मी पुन्हा खालच्या रॅकपाशी बसते. चांगले दिवस असतात, वाईट दिवस असतात. आपांकडं अधूनमधून जाते, ब्लाऊज शिवायला किंवा नुसतीच. त्या मशीनवरून उठताना हात कमरेवर ठेवतात आणि किती दुखतंय ते मी विचारत नाही.

मागच्या महिन्यात डॉक्टर मुलीचा फोन आला. नवा अभ्यास सुरू होतोय, यावेळी करंटबरोबर व्यायामही आहे, तुम्ही याल का काकू. मी एवढंच विचारलं की यावेळी माझ्या पेटीत काय असेल. ती म्हणाली, ते मला सांगता येणार नाही, तीच तर अट आहे. तुम्ही जाणार का, असं मी आपांना विचारलं तेव्हा त्यांनी सुई तोंडात धरून नुसती नकारार्थी मान हलवली. मी मात्र नाही म्हणू शकले नाही आणि हो पण म्हटलं नाही. मला पुन्हा तशी एक सकाळ हवी आहे, आणि ती कशानं आली होती हे कळल्यावर ती पुन्हा येईल का, ते कोणालाच सांगता येत नाही. त्यानंतर डॉक्टर मुलीचे दोन फोन येऊन गेले. मी ते उचललेले नाहीत.