दादांचा व्हॉल्व

दादा, म्हणजे माझे वडील, आमच्या गावचे शेवटचे सरपंच. डोंबिवलीच्या कडेचं आमचं गाव महापालिकेत गेलं, भांडून बाहेर पडलं, परत आत गेलं. त्या खेपेला ग्रामपंचायत गेली ती कायमची. तिच्या कचेरीत आता मोबाइल रिपेअरिंगचं दुकान आहे. दादांकडे उरली ती पाण्याच्या व्हॉल्वची कमरेएवढी लोखंडी चावी. सरपंचाने स्वतः पाणी सोडायचं, म्हणजे कुठल्याच आळीला रुसायला जागा नाही, अशी आमच्या गावची रीत होती.

दादा ती अजून पाळतात. रोज सकाळी रस्त्यात वाकून झाकण काढतात, चावी फिरवतात. थोड्या वेळाने नळाला पाणी येतं.

पण त्या व्हॉल्वमधून पाणीच जात नाही. नवी लाइन पलीकडून टाकली, जुनी कधीच बंद झाली. मला हे प्लंबरने सांगितलं. पाणी महापालिका सोडते, फक्त वेळ जुनीच ठेवलीय. हे कळल्यापासून माझा जीव टांगणीला लागलाय. रिक्षावाले दादांच्या अंगावर हॉर्न मारत जातात ती भीती वेगळीच. खरी भीती ही, की एक दिवस पाणी येणार नाही आणि दादांना सगळं कळेल. पंचायत गेली तेव्हा ते कित्येक दिवस कुणाशी बोलले नव्हते. आता ते सावरायचे नाहीत.

"अरे, सांगून टाक ना एकदाचं," बायको म्हणते. तिचं काय जातंय!

गेल्या आठवड्यात एके सकाळी पाणी आलंच नाही. दादा पुन्हा जाऊन चावी उलटसुलट फिरवून आले. घामाघूम झालेले. तेवढ्यात मागच्या चाळीतल्या नव्या भाडेकरू बायका दारात आल्या.

"काका, रोज तुम्हीच सोडता ना? मग आज काय झोपलेलात?"

माझं डोकं सणकलं. खरं काय ते सांगायला मी पुढे झालो, तर दादांनी मला हातानेच मागे सारलं आणि बायकांपुढे हात जोडले.

"माजी चुकी झाली गो बायांनू. उद्या बेगीन सोरीन."

बायका पुटपुटत गेल्या. दादा ओट्यावर टेकले. बराच वेळ आपले तळहात चोळत राहिले.

"आता हातान जोर नाय रं," ते म्हणाले. "उद्यापासून तू पन चल. पानी कसा सोरतान ते तुना शिकवतू."

मी हो म्हणालो.