लांबून ऐकणारा

“जवळून समदंच गोड लागतं. गाणं लांबून ऐकावं.”

जस्टिन थॉमस अल्हाट हे वाक्य एकदा राहात्याला, एका हळदीत, नवरदेवाच्या मामाला म्हणाला होता. मामा चिडून आला होता. त्यानं सांगितलेलं गाणं लागलं, दोन ओळी झाल्या आणि गाणारा गायब झाला. उरला तो खालचा जड ठोका, आणि मधूनच कुठूनतरी परत आलेला एखाद्या शब्दाचा शेवट.

“ओ डीजे, पेनड्राईव्ह अडाकला का काय?”

जस्टिननं त्याला शांतपणे मांडवाबाहेर, गाड्या लावल्या होत्या तिथं जाऊन ऐकायला सांगितलं. मामा गेला नाही. त्यानं दुसरा डीजे बोलावला.

जस्टिन आणि नितीन. गाव सोनई. जोडीचं नाव ‘पल्ला’. दोघं डब करायचे. डब म्हणजे तयार गाणं घ्यायचं, त्यातलं बरंचसं काढून टाकायचं, तळाचा बेस ठेवायचा, आणि जे काढलं त्याचा पडसाद मधूनमधून परत येऊ द्यायचा. हा प्रकार समुद्रापलीकडच्या एका बेटावरचा. सोनईत तो नितीनच्या मोबाईलवर आला. ऐकून नितीन म्हणाला, “आयला, आमच्या आण्णांचा सेट बिघडला की असाच वाजतो.” आण्णा म्हणजे त्याचे वडील, जालिंदर. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीला त्यांचा साउंड सेट पंचक्रोशीत जायचा. नितीननं आयटीआय केलं होतं. त्यानं तो सेट मुद्दाम बिघडवायला सुरुवात केली. २०१३ साली पहिलं रिमिक्स झालं.

नितीन मशीनवर बसायचा. जस्टिन ऐकायचा. जस्टिनचं एवढंच काम, आणि ते सोपं नव्हतं.

त्याला ते वडिलांनी लावलं होतं. थॉमस अल्हाट चर्चची घंटा वाजवायचे. पूर्वी कधी दोर बदलला, घंटेचा लोळा बदलला, की ते जस्टिनला कालव्यावर पाठवत. घंटेखाली उभं राहून घंटा कळत नाही, ते म्हणत; जो अजून घरीच आहे, त्याला ती कशी ऐकू येते ते बघून ये. जस्टिन जायचा, ऐकायचा आणि परत येऊन सांगायचा, आज आवाज फुटतोय किंवा आज बरा आहे. पुढं नितीनबरोबर बसल्यावर पहिल्याच दिवशी तो उठला आणि आपोआप कालव्याकडं चालायला लागला.

नितीनच्या मळ्यातल्या कांदा चाळीत स्पीकर होते. कांदा नसला की चाळ रिकामी, आणि पट्ट्यांच्या फटींतून आवाज चहूकडं जायचा. चाळीपासून दोनशे पावलांवर कालव्याचा भराव, भरावावर लिंब. जस्टिन लिंबाखाली उभा राहायचा. एक हात वर, म्हणजे ट्रेबल वाढव. झांज, टाळ, गाणाऱ्याचे ओठ पुढं आण. हात जमिनीकडं, म्हणजे बेस वाढव. दोन्ही हात वर, झालं. नितीन फटीतून बघायचा, तसा बदल करायचा आणि दारात येऊन टॉवेल हलवायचा. टॉवेल म्हणजे, केलं. दर रविवारी चर्च उरकल्यावर, दुपार कलल्यापासून दिवस मावळेपर्यंत, हे चालायचं. कालव्यावर धुणं धुणाऱ्या बायांना वाटायचं, ह्या माणसाला कसली तरी बाधा आहे.

भामाबाई ही नितीनची आत्या. जयंतीला गायची. माईक दिला तर बाजूला सारायची, इतका आवाज. २०१६ साली त्यांनी तिचं एक गाणं घेतलं आणि आठ मिनिटांचं रिमिक्स केलं. ते ऐकून भामाबाई चाळीत उभी राहून म्हणाली, “माझं गाणं कुठं गेलं रं? निसतं शेपूट ऱ्हायलंय.”

“आत्या, तुमी चला माझ्यासंगं,” जस्टिन म्हणाला.

तिला हाताला धरून त्यानं लिंबापर्यंत नेलं. ती बराच वेळ पदर डोक्यावर धरून उभी राहिली.

“आलं आता,” ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, “ह्ये मी मेल्यावर वाजल्यागत वाजतंय.”

त्याच रिमिक्सनं त्यांना बाहेर नेलं. पुण्यातल्या एका हॉलमध्ये कॉलेजची पोरं त्यावर डोळे मिटून सावकाश हलली. बेल्जियमच्या एका छोट्या कंपनीनं त्याच्या तीनशे तबकड्या काढल्या. मागच्या बाजूला नितीननं मराठीत छापून घेतलं होतं: ‘मिक्स – नितीन. लांबून – जस्टिन.’ ती तबकडी वाजवायला सोनईत कुणाकडं यंत्र नव्हतं. जस्टिननं ती बसस्टँडजवळच्या आपल्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात काचेमागं लावली. गिऱ्हाईक विचारायचं, ही जुनी तबकडी विकायची आहे का. तो म्हणायचा, नवीन आहे.

डबवर घर चालत नव्हतं. हंगामात दोघं इतरांसारखेच मिरवणुकांना जायचे. नितीन टेम्पोच्या केबिनमध्ये, मशीनपाशी. जस्टिन मागं, स्पीकरच्या बॉक्सच्या भिंतीजवळ, वायरी सांभाळत, दहा-दहा तास चालत. नऊ हंगाम. कानात कापूस घालायचा, तो घामानं पडायचा.

पहिल्यांदा टिटवी गेली. कालव्यावर टिटवी ओरडायची ती ओरडायची थांबली, असं त्याला वाटलं. पक्षी कमी झालेत, तो नॅन्सीला म्हणाला. नॅन्सी त्याची बायको, दवाखान्यात नर्स. तिनं तेव्हा लक्ष दिलं नाही. मग दुकानात गिऱ्हाइकाला तो म्हणाला, “रिंगर गेलाय याचा, वाजत न्हाई,” आणि गिऱ्हाईक म्हणालं, “अहो, वाजतोय की.” मग एक दिवस घरात डाळ करपली.

“पाच शिट्ट्या झाल्या,” नॅन्सी दारातूनच ओरडली. “घरात माणूस बसवलाय का खांब पुरलाय?”

त्यानं मान वर केली ती तिच्या ओरडण्यानं नाही, करपल्याच्या वासानं. नॅन्सी तिथंच थांबली. दुसऱ्या दिवशी ती त्याला नगरला घेऊन गेली.

डॉक्टरांनी कागदावर रेघ काढून दाखवली. डावीकडं, जिथं जाडे आवाज, तिथं रेघ सपाट. मग उजवीकडं घसरगुंडीसारखी खाली. घसरण आता माणसांच्या बोलण्यापर्यंत आली आहे, ते म्हणाले. गेलेलं परत येत नाही. यंत्र लावलं तर बोलणं कळेल. गाण्याचं सांगता येत नाही.

“नितीनला सांगणार?” परतताना एसटीत नॅन्सीनं विचारलं. तिला दोनदा विचारावं लागलं.

“न्हाई.”

यंत्र त्यानं घेतलं नाही. ते कानावर दिसलं असतं. दुसरं काही त्याला येत नव्हतं असं नाही. पण दुसऱ्या कशासाठी कुणी त्याला बोलावत नव्हतं. दर रविवारी चाळीत कुणीतरी त्याची वाट बघतं, आणि तो हात वर करतो तेव्हा काहीतरी बदलतं, हे सोडायला तो तयार नव्हता.

तो आठवणीवर ऐकू लागला. झांज कुठं येते, भामाबाईचा ‘स’ कुठं घासतो, हे त्याला पाठ होतं. ते ऐकू आलं नाही की तो हात वर करायचा. ट्रेबल वाढव. अजून. टॉवेल हलायचा. रिमिक्सं होत राहिली. बेल्जियमहून लिहून यायचं की तुमचे वरचे सूर किती मऊ आहेत, कानाला कुठं टोचत नाहीत. जस्टिन ते पुन्हा पुन्हा वाचायचा. त्याला आशा वाटायला लागली होती.

“डॉक्टरचं मशीन जवळून ऐकतं,” तो नॅन्सीला म्हणाला. “लांबचं मला अजून ऐकू येतं.”

नॅन्सी काही बोलली नाही. बोलली असेल तर त्याला कळलं नाही.

२०२१ मध्ये भामाबाई वारली. तिची सात गाणी नितीनकडं टेप केलेली होती, घराबाहेर कुणी न ऐकलेली. त्यांची एक मोठी तबकडी करायची ठरलं. घाई नको, असं दोघांनी ठरवलं, आणि खरोखरच चार वर्षं लावली. गेल्या फेब्रुवारीत शेवटचं गाणं उरलं होतं. त्यात मधे एक मोकळी जागा होती. तिसऱ्या ओळीनंतर बत्तीस ठोक्यांपुरता बेस थांबतो, आणि फक्त भामाबाईचा पडसाद उरतो, तोही वरचा, पातळ केलेला. मग एकदम बेस परत येतो. सगळं गाणं त्या जागेसाठी केलेलं होतं.

त्या रविवारी नॅन्सीची ड्युटी होती, म्हणून त्यांची आठ वर्षांची मुलगी आराधना त्याच्याबरोबर आली. ती लिंबाखाली दगडावर बसली. गाणं सुरू झालं. बेस जस्टिनच्या छातीत आला, तळपायातून आला. त्याबद्दल त्याला कधी शंका नव्हती. तिसरी ओळ संपली. बेस थांबला. तो मनात मोजायला लागला.

“पप्पा,” आराधनानं त्याचा शर्ट ओढला. “गाणं बंद झालं.”

“बंद न्हाई ग. ही मोकळी जागा हाय. भामाआजी गाती आता.”

“नाही. लाईट गेली. मोटारी पण बंद झाल्या सगळ्या.”

बारा, तेरा, चौदा. तिकडं नितीन चाळीच्या दारात आला आणि त्यानं हात पसरून झटकले. कसं वाटतं, असं विचारतोय, जस्टिनला वाटलं. त्याला काहीच ऐकू येत नव्हतं, म्हणजे पडसाद फार मागं होता. त्यानं हात वर केला. ट्रेबल वाढव.

नितीन दारात तसाच उभा राहिला. मग त्यानं खांद्यावरचा टॉवेल काढला आणि हलवला.

केलं.

एकतीस. बत्तीस. बेस आला नाही. जस्टिननं अजून थोडं मोजलं. पुढच्या रानातल्या मोटारीच्या पाइपाकडं पाहिलं. पाणी थांबलं होतं. वर केलेला हात त्याला खाली घेता येईना, कारण खाली घेतलेल्या हाताचाही काही अर्थ ठरलेला होता.

तो चाळीत आला तेव्हा नितीन स्टुलावर बसला होता. स्पीकरचे दिवे विझलेले होते.

“कवापासनं?” जस्टिननं विचारलं.

“आत्ताच गेली. फीडर गेला असंल.”

“लाईटचं न्हाई इचारत. टॉवेल कवापासनं निसताच हलवतोयस?”

नितीननं आराधनाकडं पाहिलं. “बाळा, बाहेर जरा—”

“ऱ्हाऊ दे तिला. तूच माझ्याकडं तोंड करून बोल. न्हाईतर कळत न्हाई.”

असं तो पहिल्यांदाच बोलला. नितीन वळून बसला आणि मोठ्यानं, सावकाश म्हणाला, “आत्या गेली त्या सालापासनं.”

“चार वर्षं.”

“तू ट्रेबल वाढव म्हणायचास. वाढवला तर कान फाटायचे, जस्ट्या. पयल्यांदा वाटलं, तुला काय नवीन करायचं आसंल. केलं तसं. आत्याच्या गाण्याची ब्लेड झाली. मग म्हटलं ऱ्हाऊ दे.”

“मग मला कशाला धाडीत हुतास?”

“हितं बसून काय केलं असतंस?” नितीन बोलून गेला आणि थांबला. “तसं न्हाई. तू तिकडं उभा राह्यलास की मला नीट ऐकू येतं. वाटतं, जस्ट्या ऐकतोय. मग मी बी नीट ऐकतो.”

“मी ऐकत न्हाई.”

“म्हाईत हाय.”

“मग झालं तर.”

“डॉक्टरला दावलं का?”

जस्टिननं तळहात हवेत आडवा धरला, थोडा पुढं नेला आणि उतारावरून खाली सोडला. नितीनला समजलं. तो बराच वेळ गुडघ्यावर टॉवेलची घडी घालत राहिला.

“मिरवणुकीत मी केबिनमधी बसायचो,” तो म्हणाला. “काच लावून.” हे तो खाली बघून म्हणाला, आणि जस्टिनपर्यंत ते पोचलं नाही. आराधनापर्यंत पोचलं, तिनं विचारलं, “कुठली काच, काका?”

नावं छापायला पाठवायची होती. बेल्जियमवाले थांबले होते. नितीननं मोबाईल काढून पुढं केला. स्क्रीनवर मागच्या बाजूचा मजकूर होता. ‘मिक्स – नितीन. लांबून – जस्टिन.’

“ह्ये असंच जाणार,” नितीन म्हणाला. “तू काय बी म्हण.”

जस्टिननं ते वाचलं. मोबाईल परत दिला. तेवढ्यात स्पीकरचे दिवे लागले, पंखा फिरला, आणि रानातल्या मोटारींची खालची घरघर जमिनीतून आली. ही मात्र त्याला ऐकू आली.

“एकदा लावतो,” नितीन म्हणाला. “जवळून ऐक. हितं बस, बॉक्सपाशी. आत्याचा आवाज येतो का बघ. मोकळ्या जागेपासनं लावू?”

जस्टिन बॉक्सपाशी बसला. नितीननं गाणं लावलं. तिसऱ्या ओळीचा शेवट आला, बेस छातीतून निघून गेला, आणि जस्टिनच्या कानांत चाळ पूर्ण शांत झाली. त्यानं स्पीकरच्या जाळीवर हात ठेवून पाहिला. मग त्यानं समोर बसलेल्या मुलीकडं पाहिलं.

आराधनाचे ओठ हलत होते. ती लहान असताना भामाबाईनं तिला मांडीवर घेऊन म्हटलेलं गाणं होतं ते, आणि ती ते भामाबाईच्या मागोमाग, शब्द चुकवत, हळूच म्हणत होती. एका शब्दाशी थांबायची, तो परत येईपर्यंत वाट बघायची, आला की पुन्हा म्हणायची. तो तिच्या ओठांवरून मोजत गेला. पडसाद बरोबर जागी होता. फार पुढं नव्हता, फार मागं नव्हता. त्यानं हात वर न करताच तो बरोबर होता.

बत्तिसाव्या ठोक्याला बेस परत आला तेव्हा नितीननं त्याच्याकडं पाहिलं. कसं, अशा अर्थानं भुवया उचलल्या.

जस्टिन उठला. दाराशी काढलेल्या चपला त्यानं पायात घातल्या, आराधनाच्या चपला उचलून तिच्यापुढं सरळ करून ठेवल्या, तिनं पाय घालेपर्यंत थांबला, आणि तिला घेऊन पुन्हा कालव्यावरच्या लिंबाकडं निघाला.