बिनआवाजाची पटाची जोडी

चांदूर बाजारच्या बस स्टँडवर उतरून भाजीबाजाराच्या अंगानं चालत गेलं, की नागसेन खंडारेचं घर लागतं. समोरच्या खोलीवर 'प्रबुद्ध कॉम्प्युटर' अशी अर्धी पुसलेली अक्षरं आहेत. आत नागसेन बसलेला असतो. गळ्याभोवती सुती रुमाल, हाताशी पाटी. लोक येतात, सातबारा, पीकविमा, मुलाचा दाखला सांगतात, आणि तो टाइप करतो. बोलत मात्र नाही. रुमालाखाली गळ्याला भोक आहे, त्यातून तो श्वास घेतो. तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यानं घसा गेला आणि २०१२ साली नागपूरच्या डॉक्टरांनी स्वरयंत्र काढून टाकलं.

या माणसाचा आवाज एके काळी या भागात माहीत नव्हता असं गाव नव्हतं. शंकरपट असला, की माइकवर नागसेन हवा. बैलांच्या जोड्या दाणीवर, म्हणजे पळायच्या पट्ट्यावर, उभ्या राहत, हाकणारे धुरकरी कासरे आवळत, आणि हा ओरडे, "सुटलीऽऽ जोडी सुटली, बाजूले व्हा लेकहो." पटाच्या दुसऱ्या टोकाला उभी असलेली माणसं त्या शब्दासरशी अंग चोरून घेत. लाइट गेली आणि माइक बंद पडला, तरी त्या टोकाला फरक कळत नसे.

त्याच आवाजाची एक गोष्ट कॉम्प्युटरातही होती. २००३ साली नागसेननं एक गेम बनवला, 'पटाची जोडी'. हिंदी पुस्तकं वाचून शिकलेला माणूस. शिकवायला कोणी नव्हतं. काळ्या मातीची दाणी, पांढरी आणि तांबडी जोडी, हातात घड्याळ धरलेला माणूस. दोन बटणांनी दोन बैल हाकायचे. एक जास्त पळवला, की जोडी वाकडी जाऊन लोकांत घुसायची आणि सगळी माणसं पळायची. सुरुवातीला नागसेनची हाळी, मग जिभेचं ट्टक् ट्टक्, बैल चुचकारतात तसं. शाळा सुटली, की पोरंपोरी याच खोलीतल्या त्याच्या सायबर कॅफेत रांग लावत. परतवाडा, अचलपूर, मोर्शी, जिथं जिथं कॅफे होते तिथं तो गेम पोचला. मग मोबाइल आले. कॅफे ओस पडले. गेम गेला.

दीड वर्षापूर्वी अकोल्याहून शेखर बोंडे आला. लहानपणी मामाकडे राहून तो या कॅफेत बसलेला. आता अकोल्यात मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो.

"भाऊ, वळखलं का? मी शेखर. तुमच्या कीबोर्डावर पोहे सांडले होते मी."

नागसेननं पाटीवर लिहिलं: 'चटणीचे.'

शेखर हसला. मग त्याची नजर रुमालावर गेली. त्याला काही माहीत नव्हतं. नागसेनची बायको रश्मी चहा घेऊन आली, तिनं सांगितलं. जरा वेळानं शेखरनं मोबाइल पुढे केला. व्हॉट्सअॅपवर 'जोडी सोडा' नावाचा ग्रुप होता, एकशे बारा माणसांचा. कोणी पुण्यात, कोणी हैदराबादेत, कोणी बँकेत, कोणी पोलिसात. सगळे तो गेम खेळून मोठे झालेले.

"आमी तो गेम परत चालू करून राहिलो भाऊ. नव्या कॉम्प्युटरवर, मोबाइलवर. कोणी पगार नाई मागत, सुट्टीच्या दिवशी करतात. फक्त मूळ गेम पायजे. तुमच्याजवळ असन ना?"

नागसेननं मान हलवली. त्याचा जुना कॉम्प्युटर बसला तेव्हाच सगळं गेलं होतं.

दाराशी उभी असलेली प्रियदर्शनी तेवढ्यात म्हणाली, "त्या गेममंदी बाबांचा आवाज हाये?"

ती अकरा वर्षांची. बापाच्या ऑपरेशनच्या पुढच्या वर्षी जन्मली. बापाचा आवाज तिनं कधीच ऐकलेला नाही. घरात नागसेन जिभेनं बोलावतो. दोन वेळा ट्टक् केलं, की रश्मी. तीन वेळा केलं, की प्रियदर्शनी. लग्नाची कॅसेट आहे, पण कॅमेरावाल्यानं तिच्यावर पहिल्यापासून शेवटपर्यंत गाणी भरली. नागसेनचे ओठ हलताना दिसतात आणि मागे सनई वाजते. पटांचं चित्रण कोणी केलं नाही. तेव्हाच्या त्याच्या मोबाइलला फक्त बटणं होती.

"हाये न्," शेखर म्हणाला. "पहिलाच आवाज त्यायचा हाये."

त्या दिवसापासून प्रियदर्शनी शाळेतून आली, की आधी विचारायची, "शेखरकाकाचा फोन आला?"

शोध सात महिने चालला. एकशे बारा लोकांनी माळे, पेट्या, बंद दुकानांच्या मागच्या खोल्या पालथ्या घातल्या. एकाला माउस सापडला, एकाला आपली दहावीची हरवलेली मार्कशीट. अखेर परतवाड्याच्या पिंकी राऊतला बापाच्या बंद एसटीडी बूथमध्ये फ्लॉप्यांचा डबा मिळाला. एका फ्लॉपीवर पेनानं लिहिलं होतं: पटाची जोडी.

शेखर लॅपटॉप घेऊन पहिल्या बसनं आला. घरची तिघं खुर्च्या ओढून बसली. पडद्यावर काळी दाणी उमटली, दोन बैल मान हलवू लागले. शेखरनं बटण दाबलं आणि जोडी सुटली.

आवाज आला नाही.

"थांबा, आवाज बंद असन," म्हणत तो धडपडला. आवाज पूर्ण चढवला. बैल मुक्यानं धावत राहिले, लोक मुक्यानं पळाले.

नागसेननं मात्र डोळे मिटले होते. त्याला कळलं होतं. पाटी मांडीवर घेऊन त्यानं लिहिलं: 'फ्लॉपीत मावत नव्हता. आवाज काढून टाकूनच गेम देत होतो. बाकीच्या कॅफेत स्पीकर नव्हतेच कोणाकडे.'

सगळ्या गावांत गेम गेला तो मुका. एकशे बारा जणांपैकी ज्यांना ती हाळी आठवत होती, ते सगळे नागसेनच्याच कॅफेत बसलेले.

"मंग आवाजवाला कशात होता?" शेखरनं विचारलं.

पाटीवर: 'सीडीत. पन्नास काढल्या होत्या. कोणी घेतल्या नाही.'

"कुठं हायेत त्या?"

नागसेननं खडू खाली ठेवला. मग रश्मीच बोलली. "कॅफे बंद केला तवा खुशालरावले देल्या. शेंदूरजनाघाटचे. पेरूले पोपट लागते म्हणत होते ते."

आमच्याकडे पोपट उडवायला सीड्या बांधतात. उन्हात त्या फिरल्या, की चमक मारते आणि पाखरू बिचकतं. खुशालराव यावलेंचा संत्र्याचा मोठा बगीचा, धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पेरूची रांग. ते सहज मागायला आले आणि नागसेननं खोकंच उचलून दिलं. स्वतःसाठी एक ठेवावी हे सुचलं नाही. आवाज तर गळ्यातच होता.

रविवारी सकाळी नागसेन, प्रियदर्शनी आणि शेखर तिथं पोचले. प्रियदर्शनीनं शाळेचा नवा ड्रेस घातला होता. खुशालराव धुऱ्यावरच भेटले.

"सीड्या ना? हायेत की. चौदा वर्षं झाले, इमानदारीनं लटकून हायेत."

पेरूच्या फांद्यांना सुतळीनं बांधलेल्या चकत्या वाऱ्यावर फिरत होत्या. शेखरनं एक हातात घेतली. तिच्यातून पलीकडचं झाड दिसत होतं. चांदीचा थर उन्हापावसानं कधीचाच पापुद्रे होऊन उडाला होता. दुसरी तशीच. तिसरीवर मुंग्यांनी घर केलं होतं. प्रियदर्शनी एकेक झाड पाहत रांगेच्या शेवटापर्यंत गेली आणि तिथून ओरडली, "काका, साऱ्या काचच झाल्या."

शेवटच्या पेरूवर पोपटांचा थवा बसला होता.

"पोपटबी आता भेत नाई," खुशालराव म्हणाले. "एक मात्र चांगली हाये. झोपडीत. सावलीत राह्यली."

तिघंही जवळजवळ धावलेच. झोपडीच्या कुडाला खिळ्यावर ती होती, चांदीची बाजू बाहेर. बगीच्यात कामाला येणाऱ्या बाया तिच्यात पाहून कुंकू लावत. ओलावा नाही, ऊन नाही. शेखरनं ती दोन्ही हातांनी उतरवली, उजेडात धरली, आणि त्याचा चेहरा पडला. सीडीवर बारीक रेघांचं जाळं होतं, दुधाळ, काठापासून भोकापर्यंत.

खुशालरावांची बायको भागीरथाबाई मागून आली. "अस्सल हाये ते. मी दर सोमवारी राखेनं घासतो न्. एक सोमवार नाई चुकवला."

शेखरनं सीडी उलटी केली, पुन्हा सुलटी केली.

"काहून? काई चुकलं का माह्यं?"

नागसेननं हात जोडले आणि मान हलवली: नाही. शेखरनं तरी लॅपटॉपला जोडलेल्या डब्यात ती घातली. ती गरगर फिरली, थांबली, फिरली, आणि बाहेर आली. तो पुसून पुसून पुन्हा घालत राहिला. अकराव्यांदा नागसेननं त्याच्या मनगटावर हात ठेवला. भागीरथाबाईंनी प्रियदर्शनीला ओंजळभर पेरू दिले. ती ते परतीच्या बसमध्ये मांडीवर धरून बसली. खाल्ला एकही नाही.

ग्रुपमध्ये मात्र आनंद होता. गेम सापडला होता. हैदराबादच्या माणसानं तो मोबाइलवर चालवून दाखवला, कोणी बैलांना झूल चढवली. आवाजाचं काय, तर पुण्यात एकाच्या ओळखीचा कलाकार होता; त्यानं हाळी देऊन पाठवली. शेखर ती घेऊन परवानगीला आला. ऐकून झाल्यावर रश्मी म्हणाली, "हा तं बातम्या सांगून राह्यला."

नागसेननं लिहिलं: 'चांगला आहे. लावा.'

"भाऊ, खरं सांगा."

त्यानं 'लावा' या शब्दाखाली रेघ ओढली.

शेखर जायला उठला, दारात थांबला. "तुमी वैनीले हाक मारता ना, ट्टक् ट्टक्, तेच होतं ना गेममंदी? तेवढं तं द्या." नागसेननं मोबाइल तोंडाशी धरून जीभ टाळूवर मारली. दोन सेकंदांचं काम.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, गेम सगळ्यांच्या मोबाइलवर आला. ग्रुपवर शुभेच्छांचा पाऊस पडला. कोणी लिहिलं, बालपण परत मिळालं. प्रियदर्शनीनं आईच्या मोबाइलवर तो उघडला. पुण्याचा माणूस नीटनेटक्या आवाजात म्हणाला, सुटली जोडी सुटली. मग ट्टक् ट्टक्. बैल धावले.

"हे बाबांचं हाये," रश्मी म्हणाली.

"हे तं मी रोजच आयकतो." प्रियदर्शनीनं गेम थांबवला. "हाळी कशी होती आई? तू तं आयकली ना. बाबांसारखी करून दाखव."

रश्मीनं पदर सावरला, घसा साफ केला. "सुटलीऽऽ," ती म्हणाली आणि थांबली. "असं नाई." पुन्हा म्हणाली, खालच्या पट्टीत. "असंबी नाई." शब्द तिला सगळे येत होते, आवाज आठवत नव्हता. तिसऱ्यांदा तिनं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. नवऱ्याकडे पाहिलं, तेव्हा तिच्या डोळ्यांत चोरी पकडली गेल्यासारखं काहीतरी होतं.

नागसेननं पाटी उचलली. ओल्या फडक्यानं कोरीच पाटी पुसली, वाळू दिली, खाली ठेवली. बाहेर कोणीतरी पीकविम्याचे कागद घेऊन येऊन उभं होतं. त्यानं जिभेनं दोनदा ट्टक् केलं आणि बोटानं दाखवलं, चहा टाक.